कोंबडे विकायचेत? आधी कालनिर्णय काढा

मागच्या आठवड्यात मैत्रिणीचा फोन आला, म्हणाली अगं माझ्याकडं आठ कोंबडे जास्तीचे झालेत, पहाटे चारपासून अख्ख्या आळीला झोप नाही, शेजारी बोलायचे बंद झालेत, काय करू? मी म्हटलं आज तिथी काय आहे ते आधी सांग. तिला वाटलं चेष्टा करतेय. पण खरंच सांगते, चार-पाच वर्षं झाली मी परसातल्या कोंबड्या करतेय, आणि कोंबडा किती किलोचा आहे यापेक्षा तो कुठल्या वारी, कुठल्या महिन्यात आणि कुणाच्या दारात उभा आहे यावर त्याचे पैसे ठरतात. हे मला कुणी शिकवलं नाही, म्हणजे आत्यांनी (माझ्या सासूबाई, आमच्याकडं आत्याच म्हणतात) सांगितलं होतं पण मी ऐकलं नाही, त्याची गोष्ट पुढं येईलच.

आधी हे जास्तीचे कोंबडे येतात कुठनं ते. कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली बारा-चौदा अंडी ठेवायची, एकवीस दिवसांनी दहा-अकरा पिल्लं बाहेर, त्यातली दोन घार नेणार, एखादं पाण्याच्या भांड्यात पडून जाणार, राहिली आठ. त्यात निम्मे नर. आपल्या हातात काही नाही ते. आणि आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा भरपूर झाला, दुसरा ठेवला की मारामाऱ्या, तिसरा ठेवला की कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं जातात बिचाऱ्यांची. लोक मला म्हणतात तुमचा कोंबडी विकायचा धंदा आहे. धंदा कसला, मला अंडी पाहिजे होती घरच्यापुरती, पोरांना. कोंबडे झाले म्हणून मी विकणारी झाले.

तर 2023. त्या वर्षी फेब्रुवारीत एकदम चार कोंबड्या खुडूक झाल्या आणि मी हौसेनं चारी बसवल्या. जुलैपर्यंत सतरा कोंबडे तयार! दीड-पावणेदोन किलोचे, लालभडक तुरे, बघत राहावं असे. आखाड चालू होता. आखाडात आमच्याकडं मरीआईला, म्हसोबाला कोंबडा असतो, त्यात श्रावण लागायच्या आधी सगळ्यांना खाऊन घ्यायचं असतं, त्यामुळं वर्षातला सगळ्यात चांगला भाव तेव्हाच. आमचा नेहमीचा कोंबडीवाला (मोटरसायकलला दोन्हीकडनं जाळीचे पिंजरे लावून फिरतो, सकाळी सातलाच हॉर्न) शुक्रवारी, 14 जुलैला दारात आला आणि नगाला साडेचारशे म्हणाला, सगळे घेतो. आत्या म्हणाल्या दे. मी म्हटलं थांबा, परवा रविवार आहे, सोमवारी अमावस्या, रविवारी पुण्याची लोकं येतील आणि साडेसहाशेनं नेतील. माझा असा अंदाज की शेवटच्या दिवशी भाव अजून चढणार. आणि समजा नाहीच विकले तर काय, महिन्याभराचा तर श्रावण.

इथंच माती खाल्ली. त्या वर्षी अधिक श्रावण होता. म्हणजे आधी 18 जुलैपासून अधिक, मग 17 ऑगस्टपासून निज श्रावण, मग लगेच गणपती, मग पितृपक्ष, मग घटस्थापना. मी कॅलेंडर भिंतीवर लावलं होतं, त्यावर दुधाचा हिशोब लिहीत होते, पण हे काही बघितलं नव्हतं. रविवारी पाऊस लागला, पुण्याचं कुणी आलं नाही, गावातल्या तिघांनी विचारलं पण त्यांनी आधीच दुसरीकडनं घेतले होते. गावात वादही होता की खरी गटारी अधिकच्या आधीची का निजच्या आधीची, काहींनी दोनदा केली म्हणे, पण माझ्याकडनं कोंबडा नेऊन कुणी केली नाही.

मग 14 जुलै ते दसरा, शंभर दिवस, मी सतरा कोंबडे पोसले. एक कोंबडा दिवसाला सत्तर-ऐंशी ग्रॅम धान्य मारतो, सतराचे झाले सव्वा-दीड किलो, म्हणजे दसऱ्यापर्यंत सव्वाशे किलोच्या वर ज्वारी-बाजरी-कणी गेली, घरची असली तरी फुकट नाही ती. वर त्यांची भांडणं. एक मुंगसानं नेला, दोन आपापसातच भांडून गेले. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चौदा विकले, पाचशेनं. हिशोब तुम्हीच करा, मी एकदा केला आणि परत केला नाही. आत्या काही बोलल्या नाहीत. फक्त दिवाळीत नवीन कालनिर्णय आला तेव्हा तो माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “घे, वाच, म्या काय शाळंत गेल्ती व्हय.”

तेव्हापासून मी उलटं मोजते. आखाडात पाच महिन्यांचा कोंबडा पाहिजे असेल तर पिल्लं माघ-फाल्गुनात निघाली पाहिजेत. चैत्र-वैशाखातल्या यात्रांना पाहिजे तर दिवाळीच्या आसपास कोंबडी बसवायची, थंडीत पिल्लं जपावी लागतात, बल्ब लावावा लागतो, पण यात्रेचा भाव तसा मिळतो. मार्गशीर्षात गुरुवार आले की बायका घरात शिजवत नाहीत, तेव्हा विकायला जाऊच नका. आणि आठवड्यात बुधवार, शुक्रवार, रविवार हे आपले, सोमवार-गुरुवार-शनिवारी कोंबडा सोन्याचा असला तरी गिऱ्हाईक तोंड फिरवतं. आमच्या तालुक्याचा बाजारच नेमका गुरुवारचा आहे, आता याला काय म्हणायचं. तरी आत्या जातात. म्हणतात शुक्रवारचं गिऱ्हाईक गुरुवारीच घेतं.

बाजाराचं सांगायलाच पाहिजे. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा मी ताणकाटा घेऊन गेले होते, मोबाईलमध्ये किलोचा रेट लिहून. आत्यांनी काटा पिशवीतच ठेवायला लावला. “नगावर इक. काटा काढलास की मग त्यो पिशवीचं वजन बी मागतुय.” आदल्या रात्रीच कोंबडे धरायचे असतात, अंधारात ते दांडीवर गप बसलेले असतात, हात घातला की आले. दिवसा धरायला गेलात तर तुम्ही आणि अख्खं गाव पळणार. पाय सुतळीनं नाही बांधायचे, जुन्या लुगड्याची पट्टी घ्यायची, सुतळीनं कातडी जाते. डालग्यात खाली गवत. आणि सकाळी थोडंच चारायचं, पाणी पाजायचं, कारण लबाड माणसं गळ्याखालची पिशवी टम्म भरून आणतात वजन दिसायला, आणि घेणारा पहिलं तिथंच बोट लावून बघतो. तिथं गोळा लागला की त्याचा तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचा पण विश्वास उडाला.

आत्यांची बसायची जागा ठरलेली, मटकीवालीच्या पलीकडं, पिंपळाच्या पाराला टेकून. पहिलं गिऱ्हाईक आलं, पन्नाशीचा माणूस, टोपी. त्यानं कोंबडा उचलला, छातीचं हाड चाचपलं, पंख उघडून खाली फुंकर मारली, डोळे बघितले, पायाचे काटे बघितले. काटा लांब म्हणजे कोंबडा जुना, हे मला तेव्हा कळलं. म्हणाला, “मावशी, तीनशे.” आत्यांनी ऐकलंच नाही असं दाखवून शेजारणीला विचारलं, तुझी सून बाळंत झाली का गं. तो साडेतीनशे. आत्या: “पाव्हणं कुठलं?” तो गाव सांगतो. आत्या: “तिथं माझी चुलत बहीण दिलीय.” मग पाच मिनिटं बहीण. मग म्हणाल्या, “भवानीची येळ हाय, पाचशे द्या आन् घिऊन जावा.” साडेचारशेला गेला. मला वाटलं होतं चारशेला जाईल. पैसे घेतले, नोट कपाळाला लावली, कनवटीला. ते कनवटीचे पैसे त्यांचेच, त्यात घरातल्या पुरुषांनी कधी हात घातलेला नाही, सासऱ्यांनीसुद्धा नाही. म्हशीचं दूध डेअरीला जातं, ते पैसे यांच्या खात्यात येतात. कोंबड्याचे पैसे बाईचे. नणंदेच्या लग्नातली मोहनमाळ कोंबड्यांची आहे असं आत्या सांगतात, खरं असावं.

एक गोष्ट मात्र त्यांना अजिबात चालत नाही, गिऱ्हाईकानं कोंबडा पाय धरून उलटा लटकवत नेलेला. सरळ हाक मारून परत बोलवतात आणि पंखाखाली हात घालून कसा धरायचा ते दाखवतात, मग तो तालुक्याचा कुणी मोठा साहेब का असेना.

आता मी बाजारात कमी आणि व्हॉट्सअॅपवर जास्त विकते. स्टेटसला फोटो टाकला की शिरवळ एमआयडीसीतले आणि पुण्याचे मिळून आठ-दहा तरी मेसेज येतात. त्यातले पाच “लास्ट किती?”, दोन “होम डिलिव्हरी आहे का?”, एक नुसताच अंगठा. आणि सगळ्यांची एकच शंका, ताई हे नक्की गावरानच ना, डीपी क्रॉस, म्हणजे संकरित, तर नाही? त्यांचंही चुकत नाही, हायवेला गावरान म्हणून काय काय विकतात बघितलंय मी, गिरिराज, वनराज, डीपी, सगळं गावरानच. ते पक्षी वाईट नाहीत हो, आमच्या जाऊबाईंकडं गिरिराज आहेत, लवकर वजन धरतात, पण जे आहे ते सांगून विका ना. मी आता फोटोबरोबर संध्याकाळचा व्हिडिओ टाकते, माझ्या कोंबड्या दिवेलागणीला एकेक करून लिंबाच्या झाडावर चढतात तो. त्या व्हिडिओनं जेवढी गिऱ्हाईकं दिली तेवढी “शंभर टक्के गावरान” लिहून कधी मिळाली नाहीत.

पण घरी येणाऱ्या गिऱ्हाईकाचं वेगळंच असतं. सुरवातीला एकाला मी चौदा महिन्यांचा कोंबडा दिला, मोठा दिसत होता म्हणून त्यानंच निवडला. रात्री साडेनऊला फोन, “मॅडम, सात शिट्ट्या झाल्या, अजून रबर आहे, पाहुणे बसलेत.” मी काय करणार होते त्याला? म्हटलं अजून पाच काढा. दुसऱ्या दिवशी पैसे परत मागितले. निम्मे दिले मी, कारण चूक माझीच, वय सांगायला पाहिजे होतं. आता स्पष्ट विचारते, रस्सा करायचाय का सुक्कं, पाहुणे किती वाजता येणार, कुकर आहे का चूल. सहा महिन्यांचा तरणा कोंबडा वेगळा, वर्षाचा वेगळा. अंडी बंद झालेली कोंबडी तर मी फक्त आळणी रस्सा करणाऱ्यालाच देते, त्याला तिची किंमत कळते.

काही गिऱ्हाईकं नकोच. काळाकुळकुळीत, एक पांढरं पीस नको, किंवा उलट्या पिसाचा पाहिजे आणि पैसे म्हणाल तेवढे, असा फोन आला की समजायचं काय चाललंय ते. आत्या म्हणतात द्यायला काय जातंय, त्यांचा कोंबडा त्यांचं काम. मी नाही देत. झुंजीसाठी असील आहे का विचारणारे पण येतात, कोंबड्यांच्या झुंजी कायद्यानं बंद आहेत 1960 पासून, पण त्यांना ते माहीत नसतं असं नाही. आणि एकदा एक हिंदीत बोलणारा, आर्मीतून बोलतोय, कॅम्पसाठी पन्नास मुर्गी पाहिजे, अॅडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. मी जवळजवळ केलंच होतं हो! धाकट्या दिरानं फोन हातातनं काढून घेतला, म्हणाला वहिनी, पैसे घ्यायला पिन कशाला लागतोय. इतका अभिमान होता मला माझ्या स्मार्टपणाचा.

आणि आता जे लिहायचंय ते लिहायला मला आवडत नाही पण कोंबडी विकणाऱ्या प्रत्येकानं वाचावं. मागच्या उन्हाळ्याच्या आधी बाजारातनं एक तलंग न विकता परत आली. छान होती, अंड्यावर यायच्या बेतात, म्हणून परत आणून सरळ खुराड्यात सोडली. सहाव्या दिवशी ती पेंगायला लागली, हिरवी शीट. नवव्या दिवशी दोन कोंबड्यांच्या माना वळल्या, एक तर आपल्याभोवती गोल गोल फिरत होती आणि मान पाठीवर. मानमोडी. राणीखेत म्हणतात ती हीच. एकतीसातले तेवीस गेले आठवड्याभरात, खड्डे काढून चुना टाकून पुरले, खड्डा काढणारी मी आणि माझा सातवीतला मुलगा. बाजारात दहा गावची कोंबडी एका पारावर बसते, डालग्याला डालगं लागतं, मग काय होणार? लस होती का? लहानपणी लासोटा दिलेली होती काहींना, पुढची आठव्या आठवड्याची राहिली होती, कारण लसीची बाटली शंभर डोसची येते, फोडली की बर्फात ठेवून तास-दोन तासात संपवायची, माझे पक्षी तीस, म्हणून मी पुढं ढकलत राहिले. आता आम्ही चार घरं मिळून एक बाटली आणतो, थर्मासात बर्फ घालून, आणि एका संध्याकाळी सगळ्या आळीतल्या कोंबड्या उरकतो. आणि नियम असा की बाजारात गेलेला पक्षी खुराड्यात परत नाही. विकायचा, नाहीतर वाटेत कुणाला तरी देऊन टाकायचा, अगदीच आणला तर रानातल्या बाभळीखाली वेगळ्या पिंजऱ्यात तीन आठवडे, त्याचं पाणी वेगळं, आणि त्याच्याकडं जायचं ते सगळ्यात शेवटी. मेलेल्या तेवीसांतल्या शेवटच्या आजारी पाचांना कोंबडीवाला शंभरनं न्यायला तयार होता हेही सांगते. मी दिले नाहीत, तर जाता जाता म्हणाला, सगळे देतात.

बर्ड फ्लूची तर नुसती बातमीच पुरते. आत्यांना 2006 चं नवापूर अजून आठवतं, कुठं ते नंदुरबार जिल्ह्यात, कुठं आम्ही सातारा जिल्ह्यात, पण दोन-तीन महिने गावरान कोंबडीला पण कुणी विचारलं नाही म्हणे. त्या बातमीची तिथी कुठल्याच कालनिर्णयात नसते.

लिलावाचं राहिलं. आमच्या गावच्या यात्रेत पूर्वी म्हसोबापुढं कोंबडी कापायचे, आता बरेच जण जिवंतच सोडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं त्यांचा लिलाव होतो, पैसे देवस्थानला. यंदा यात्रेच्या दिवशी एक कुटुंब दारात आलं, नवसाचा कोंबडा पाहिजे, लाल, तुरा अखंड, कुठं व्यंग नको. माझ्याकडं होता तसा, त्याला आम्ही सरपंच म्हणायचो, काम काही नाही आणि छाती काढून सगळीकडं पुढं. मी पाचशे म्हणणार तोवर आत्या आतनं म्हणाल्या सहाशे. त्या माणसानं हूं की चूं न करता सहाशे दिले. गेल्यावर आत्या म्हणाल्या, “देवाच्या कोंबड्याला कुणी घासाघीस करत न्हाय, येवडं बी ठावं न्हाय तुला?”

दुसऱ्या दिवशी लिलावाला मी सहज म्हणून उभी होते. पुजाऱ्याच्या मुलानं एकेक कोंबडा वर धरायचा आणि बोली. पहिले सहा-सात तीनशे-चारशेत गेले. मग सरपंच निघाला. पाचशे एक, सहाशे एक... तेवढ्यात वरच्या आळीतल्या एका पोरानं हजार म्हटलं आणि खालच्या आळीतल्यांना ते लागलं. अकराशे, बाराशे, पंधराशे एक, टाळ्या, शिट्ट्या, कोंबडा राहिला बाजूला. शेवटी मुंबईत असणारे आमच्या भावकीतले एक दीर, गळ्यात गुलाल, “तेवीसशे!” तीन वेळा पुकारलं आणि सुटला. काल माझ्या अंगणात सहाशे होता तो. मी घरी येऊन आत्यांना सांगितलं, मला वाटलं हळहळतील. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, “त्यात कोंबड्याचं काय कौतुक, त्यो दोन आळीचा भाव हाय.”

संध्याकाळी ते दीर सरपंचाला काखेत घेऊन आमच्याच दारात. गाडी एसीची, बायको म्हणते गाडीत घेणार नाही, आणि कांदिवलीच्या फ्लॅटमध्ये ठेवणार कुठं. देवाचा लिलावातला, कापायचाही जीव होत नाही. “वहिनी, पुढच्या यात्रेपर्यंत सांभाळाल का?” मी हो म्हणणार, तोवर आत्या उंबऱ्यात आल्या. महिन्याला शंभर खुराकाचे, वर्षाचे एकदम, म्हणजे बाराशे. दिरांनी तिथंच मोबाईल काढला. आत्या म्हणाल्या मोबाईलवर नको, कनवटीला राहील असं दे.

सरपंच सध्या बाभळीखाली आहे, तीन आठवड्यांतले अकरा दिवस झाले. तिथनं पहाटे चारला ओरडतो आणि इथनं खुराड्यातला नवीन कोंबडा त्याला उत्तर देतो.